कंचा गच्चीबावली: चारशे एकर आणि न झालेला फेरफार

कातळफूल | ५ एप्रिल २०२५, रात्री ११:१०

पाडव्याच्या दिवशी गाठी कुरतडत फोन बघत बसले होते, तेवढ्यात जुन्या बॅचच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. जेसीबीची रांग, पोलिसांच्या गाड्या, आणि मागे ओळखीचे कातळ. ते कातळ मी कुठेही ओळखेन. हैदराबाद विद्यापीठात दोन वर्षं काढली आहेत. निकाल खराब लागला की आम्ही कॅम्पसमधल्या मशरूम रॉकवर जाऊन बसायचो, चांगला लागला तरी तिथेच.

तेलुगू लोकांचा उगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी. यंदा तो रविवारी आला, लगेच सोमवारी ईद. म्हणजे कोर्टं बंद. नेमकी ती वेळ साधून ३० मार्चला तेलंगणाच्या औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाची यंत्रं कॅम्पसला लागून असलेल्या कंचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांत घुसली. अडवायला गेलेल्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना पोलिसांनी उचललं. रात्री दिवे लावून काम चालू. सणाच्या दिवशी घर बांधायला काढतात हे ऐकलं होतं, जंगल पाडायला मुहूर्त काढलेला पहिल्यांदा पाहिला.

२ एप्रिलला उच्च न्यायालयाने एका दिवसापुरती स्थगिती दिली. ३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्या. भूषण गवई (आपले अमरावतीचे) आणि न्या. मसीह यांनी उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी जागेवर पाठवलं. त्यांचा अहवाल असा की सुमारे १०० एकर साफ झालेत, आणि तिथे मोर व हरणं दिसली. उरलेली झाडं वाचवण्याखेरीज तिथे कसलंही काम करायचं नाही असा आदेश आता आहे.

मराठी पेपरांत चार ओळींच्या वर काही दिसलं नाही म्हणून धागा काढला. विद्यापीठ असलेल्या कुठल्याही शहरात उद्या हे होऊ शकतं.

---

फ्लॅट १९०४ | ६ एप्रिल, सकाळी ८:४२

ताई, भावना समजू शकतो. पण मी गेली अकरा वर्षं त्याच भागात राहतो, नोकरीही तिथेच, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

ती ४०० एकर जागा विद्यापीठाची नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो निकाल लागलेला आहे. ज्या खासगी कंपनीच्या घशात ती गेली होती तिच्याकडून सरकारने जवळपास वीस वर्षं भांडून परत मिळवली. आता तिथे आयटी पार्क येणार, ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि पाच लाख रोजगार येतील असं सरकार म्हणतंय. आकडे फुगवलेले असतील, अर्धे धरा. विद्यार्थी पाच हजार आणि जमीन दोन हजार एकर, हे प्रमाण कुठल्या शहराला परवडतं? आयआयटी मुंबई साडेपाचशे एकरांत जग गाजवते.

आणि हो, माझा फ्लॅटही कधीकाळी माळावरच बांधला गेला. तुमचाही. हैदराबादचं हे सगळं पश्चिम अंग माळच होतं.

---

तारीख पे तारीख | ६ एप्रिल, दुपारी १:१५

१९०४, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि घोळ नेमका त्या अर्ध्यातच आहे. थोडं मागे जावं लागेल.

हे विद्यापीठ १९७४ चं. आधी १९६९ चं तेलंगण आंदोलन झालं, मग त्याला उत्तर म्हणून वेगळ्या आंध्रसाठीचं जय आंध्र, आणि दोन्ही बाजूंना शांत करायला १९७३ मध्ये सहा कलमी सूत्र ठरलं. त्यातलं एक कलम हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ काढण्याचं. त्यासाठी घटनेत ३७१ ई हे कलम घालावं लागलं. राजकीय तहातून जन्मलेलं, घटनेत उल्लेख असलेलं विद्यापीठ आहे ते. सुरुवात सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या घरात झाली. गच्चीबावलीला २,३०० एकरांच्या आसपास जागा दिली गेली १९७५ मध्ये. तेव्हा तिथे शहर नव्हतंच, होता तो जुना मुंबई हायवे.

जागा दिली म्हणजे काय केलं? कुंपण घालू दिलं. मालकी हक्काचा कागद रीतसर विद्यापीठाच्या नावे झाला नाही. पुढे शहर जसं अंगावर येत गेलं तसे त्या जागेतून तुकडे निघत गेले. स्टेडियम झालं, आयआयआयटी झाली, बस डेपो झाला. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं.

२००३ साली चंद्राबाबूंच्या सरकारने यातले ४०० एकर आयएमजी भारता नावाच्या कंपनीला क्रीडा अकादमीसाठी दिले. राज्य सरकार म्हणतं की २००४ च्या सुरुवातीला विद्यापीठाने ५३४ एकर सोडले आणि बदल्यात गोपनपल्लीला ३९७ एकर घेतले, तसा सह्यांचा कागद आहे. २००६ मध्ये राजशेखर रेड्डींच्या सरकारने कंपनीचा करार रद्द केला. कंपनी कोर्टात गेली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयात हरली, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही. मग सरकारने जागा महामंडळाकडे दिली.

आता लक्षात घ्या, हा खटला होता कंपनी विरुद्ध सरकार. विद्यापीठ त्या भांडणाच्या मध्यभागी नव्हतंच. विद्यापीठाचं म्हणणं आज असं की २०२४ मध्ये हद्द ठरवणारी मोजणी झालीच नाही, आणि केंद्रीय विद्यापीठाची जमीन द्यायची तर कार्यकारी परिषद आणि कुलाभ्यागत या नात्याने राष्ट्रपती यांची मंजुरी लागते. महामंडळ म्हणतं, कुलसचिवांच्या समोर मोजणी केली.

यापेक्षा मोठा मुद्दा मालकीच्या पलीकडचा आहे. वनांविषयीच्या गोदावर्मन खटल्यातला १२ डिसेंबर १९९६ चा आदेश सांगतो की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वनच, मालक कोणीही असो. सर्वोच्च न्यायालयाने ३ तारखेला हात घातला तो याच खटल्याच्या धाग्याने. सरकार मालक आहे हे मान्य केलं तरी ‘झाडं पाडायची परवानगी कुठून घेतली’ हा प्रश्न उरतोच.

---

गुळवणी | ६ एप्रिल, दुपारी ३:०२

वाचनखूण साठवली आहे. तारीख पे तारीख, तुम्ही वेगळा लेखच लिहा.

---

नांदेडचा मामा | ६ एप्रिल, रात्री ९:३०

त्या जागेचं महसुली नाव कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. सर्व्हे नंबर २५, ‘कंचा अस्तबल पोरंबोक’. तेलंगणात कंचा म्हणजे चराऊ रान, आपलं गायरान. अस्तबल म्हणजे घोड्यांचा तबेला. पोरंबोक म्हणजे ज्यावर सारा लागत नाही अशी सरकारी जमीन, आमच्याकडे जुनी माणसं परमपोक म्हणतात. आम्ही मराठवाड्यातले लोक १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या दप्तरात होतो, म्हणून हे शब्द कानाला परके वाटत नाहीत. माझे वडील उस्मानियात शिकले. १९५८ ला औरंगाबादेत विद्यापीठ होईपर्यंत शिकायला हैदराबादच होतं.

गायरान म्हटलं की पुढाऱ्याला, बिल्डरला आणि कधी कधी सरकारला ते ‘मोकळं’ दिसतं. कारण पिकत नाही, सारा येत नाही. गुरं चरतात, पाणी मुरतं, ते दप्तरात लिहायला रकानाच नाही.

आता कागदाचं. आमच्या आजोबांनी गावच्या शाळेला वीस गुंठे जागा दिली, १९६२ साली, चार माणसांसमोर तोंडी. शाळा उभी राहिली, तीन पिढ्या शिकल्या. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. मागे चुलतभावाने एका प्लॉटिंगवाल्याला ती जागा दाखवली होती, तेव्हा आमचे डोळे उघडले. फेरफारासाठी मी तीनदा अर्ज केले. एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल सापडेना, एकदा म्हणाले मूळ बक्षीसपत्र आणा. तोंडी दिलेल्याचं बक्षीसपत्र कुठून आणू?

तुमच्या विद्यापीठात मोठमोठे प्राध्यापक होते, पन्नास वर्षांत एकालाही हे सुचलं नाही का, एवढंच विचारायचं होतं.

---

कातळफूल | ६ एप्रिल, रात्री १०:०५

मामा, तुमचा शेवटचा प्रश्न लागला. खरं आहे. आम्हालाही कधी सुचलं नाही. इतक्या मोर्च्यांना गेलोय आम्ही त्या कॅम्पसमध्ये, जमिनीच्या कागदासाठी एकही काढला नाही. आता विद्यार्थी संघटनेच्या मागण्यांत ‘जमीन विद्यापीठाच्या नावे नोंदवा’ ही मागणी आली आहे, ती जेसीबी आल्यावर.

---

धनेश | ७ एप्रिल, सकाळी ६:२०

पक्षी बघायला दोनदा गेलोय तिथे, म्हणून लिहितो.

१९०४ यांनी ‘माळ’ हा शब्द ज्या सुरात वापरला तो आपल्या सगळ्यांचाच आजार आहे. उंच झाडं नाहीत म्हणजे पडीक. दख्खनचं खरं रान असंच असतं: खुरटी झुडपं, गवत, मधे कातळ आणि पावसाळी डबकी. त्या कॅम्पसमध्ये वनस्पतींच्या सातशेवर जाती आणि पक्ष्यांच्या दोनशेवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. चितळ आहेत, तारा कासव आहे. २०१० मध्ये इथे सापडलेल्या एका कोळ्याला शास्त्रज्ञांनी शहराचंच नाव दिलं, मुरिसिया हैदराबादेन्सिस. ते कातळही अडीच अब्ज वर्षांचे ग्रॅनाइट आहेत, एकदा सुरुंग लावला की संपले.

एक मात्र सांगतो, कोणाला आवडणार नाही. रात्री मोर ओरडतानाचा जो व्हिडिओ फिरतोय, त्यातल्या नुसत्या आवाजावरून मोर रडत होते असं म्हणता येणार नाही. मोर या दिवसांत तसेही रात्री-अपरात्री ओरडतात. आणि एआयने बनवलेली पळणाऱ्या हरणांची चित्रं कृपया पुढे पाठवू नका. सरकारला तेच हवंय. एक खोटं चित्र दाखवायचं आणि शंभर खऱ्या एकरांवर पांघरूण घालायचं. खरं पुरेसं आहे. निबंधकांनी डोळ्यांनी पाहिलेलं कोर्टाच्या कागदावर आलंय.

---

फ्लॅट १९०४ | ७ एप्रिल, सकाळी ९:१५

धनेश, एआयबद्दल लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर हत्तीही पळत होते.

माझा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून परत मांडतो. राज्याने पैसे कुठून आणायचे? निवडणुकीत सहा हमी दिल्यात. आपल्याकडे लाडकी बहीण आहे, तिथे त्यांची महालक्ष्मी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कोकापेटला, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, एक एकर १०० कोटी ७५ लाखांना गेला. अशा भावाच्या ४०० एकरांवर सरकार चितळ चारणार का?

---

तारीख पे तारीख | ७ एप्रिल, सकाळी ११:४०

हेच, हेच सांगायचं होतं. तुम्ही विरोधात लिहिता लिहिता मूळ दुखण्यावर बोट ठेवलंत.

कोकापेटचा लिलाव आधीच्या सरकारच्या काळातला, कंचाचा घाट या सरकारचा. पक्ष बदलला, पद्धत तीच. हैदराबादच्या पश्चिमेची सरकारी जमीन ही राज्याची एटीएम झालीय. या जागेच्या जोरावर महामंडळाने रोख्यांतून सुमारे १० हजार कोटी आधीच उभारलेत. म्हणजे उपवर मुलीला दाखवायच्या आधीच हुंडा खर्च झालाय, म्हणून ही घाई. (उपमा जुनाट आहे, माफ करा, दुसरी सुचली नाही.)

गंमत अशी की आज जंगल वाचवायला उभे राहिलेले विरोधी नेते तेव्हा सत्तेत होते. आणि आजचे मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की तिथे वाघ नाहीत, हरणं नाहीत, काही धूर्त कोल्हे तेवढे आहेत. विद्यार्थ्यांना ते जिव्हारी लागलं.

---

चौकातला पुणेकर | ८ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

आमचं विद्यापीठ ४११ एकरांचं. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला, मग मेट्रो आणि दुमजली पुलाचं काम आलं, गणेशखिंड रस्ता रुंद करायला विद्यापीठाची कड गेली, वडाची जुनी झाडंही गेली. मी स्वतः त्या चौकात रोज पाऊण तास सडतो, त्यामुळे पूल नको म्हणायची माझी छाती नाही. पण कोणी विचारल्याचं आठवत नाही.

अवांतर: आरे आठवलं की नाही कोणाला? ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू. सोमवारी सर्वोच्च न्यायालय स्थगिती देईपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी. शनिवार-रविवार बघूनच जंगलं पडतात का हो?

---

गुळवणी | ८ एप्रिल, रात्री ८:१०

+१. कोर्टाची सुट्ट्यांची यादी झाडांनाही वाटायला हवी.

---

कातळफूल | १७ एप्रिल, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय. काल सुनावणी झाली. न्या. गवई चांगलेच तापले होते. एवढी घाई काय होती, परवानगी घेतली का, हेच पुन्हा पुन्हा. सरकारतर्फे सांगण्यात आलं की ती झाडं सूट असलेल्या वर्गातली होती आणि स्व-प्रमाणपत्रावर काम केलं. म्हणजे आपणच आपल्याला परवानगी द्यायची! न्यायमूर्ती म्हणाले, मुख्य सचिवांवर कडक कारवाई व्हायला नको असेल तर ते १०० एकर पूर्ववत कसे करणार याची योजना आणा. नाहीतर त्याच जागी तात्पुरता तुरुंग उभारावा लागेल असंही सुनावलं. जखमी आणि भेदरलेल्या प्राण्यांची सोय बघायला वन्यजीव खात्याला सांगितलंय.

पकडलेल्या मुलांवरचे खटले मागे घेण्याच्या सूचना उपमुख्यमंत्र्यांनी आधीच दिल्या आहेत. ते एक बरं झालं. पण परवा कॅम्पसवरच्या एकाशी बोलले. म्हणाला, हॉस्टेलच्या बाजूला हरणं येताहेत आणि कुत्री त्यांच्या मागे लागतात. एक मेलं त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. आमच्या वेळी हरीण दिसलं की आम्ही श्वास रोखून उभे राहायचो, पन्नास पावलांवरून.

---

फ्लॅट १९०४ | १७ एप्रिल, दुपारी १२:०५

मान्य. झाडं पाडायची पद्धत चुकली, स्व-प्रमाणपत्राचं तर मलाही हसू आलं. आमच्या सोसायटीला एक कडुनिंब छाटायचा होता तर सहा हेलपाटे घालावे लागले.

पण जागा कुणाची यावर माझं मत बदललेलं नाही.

---

तारीख पे तारीख | १७ एप्रिल, दुपारी १२:२०

बदलू नका. वन ठरलं तर त्या मताने फारसा फरक पडणार नाही, एवढंच.

---

धनेश | २४ जुलै, रात्री ९:४५

गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले (इथे कोणी नोंदवलं नाही). काल पुन्हा सुनावणी होती. शाश्वत विकासाला माझा पाठिंबा आहे, पण म्हणून एका रात्रीत तीस बुलडोझर घालून जंगल साफ करायचं नाही, अशा अर्थाचं बोलले.

मला काळजी वेगळीच आहे. ‘पूर्ववत करा’ म्हटल्यावर सरकार काय करेल ते मला दिसतंय. हजारो रोपं आणतील, गुलमोहर, कोनोकार्पस, ठिबकच्या नळ्या, पायवाट, सेल्फी पॉइंट. माळ मरेल आणि बाग उभी राहील. त्या कोळ्याला बाग नकोय.

---

कातळफूल | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

१३ तारखेला न्यायालयाने सरकारला चांगला प्रस्ताव आणायला आणखी सहा आठवडे दिले. काम बंद आहे.

गेल्या आठवड्यात भाचीच्या प्रवेशाच्या निमित्ताने हैदराबादला जाणं झालं. गेटवर ओळखपत्र मागितलं, मी माझं २०१२ चं ग्रंथालयाचं कार्ड काढलं. रखवालदार हसला आणि सोडलं. शॉपकॉमला, म्हणजे कॅम्पसवरच्या दुकानांपाशी, चहा घेतला, मग जितकं जाता येतं तितकं चालत गेले. चारशे एकरांत जाऊ देत नाहीत, कडेवरून दिसतं.

धनेश, पाऊस चांगला झालाय. उघड्या पडलेल्या मातीवर गुडघाभर गवत आलंय. मधेमधे जेसीबीने उपटलेली खोडं तशीच पडून आहेत. काही बुंध्यांना बाजूने फूट आलीय. सगळ्यांत जोमात सुबाभूळ, ती मेली कुठेही येते. रोपं लावलेली मला तरी दिसली नाहीत. टिटव्या खूप होत्या. एक जोडी माझ्या डोक्यावरून दोनदा ओरडत गेली, म्हणजे जवळपास पिल्लं असावीत.

भाची विचारत होती, मावशी, यातलं विद्यापीठ कुठपर्यंत? मी हात वर केला आणि मलाच सांगता येईना.

---

धनेश | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

टिटव्या आल्या म्हणजे जमीन मोकळी झाल्याची खूण. त्यांना उघडी जमीनच आवडते. फार खूश होऊ नका. पण गवताचं ऐकून बरं वाटलं. कोणी काही लावलं नाही तर पाच-सात वर्षांत झुडपं परत येतील.

---

नांदेडचा मामा | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

एप्रिलात मी तुम्हाला शहाणपण शिकवलं, मग रात्रभर झोप लागली नाही. शाळेच्या जागेसाठी चौथ्यांदा अर्ज केला. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, बाकी टेबल तेच. या वेळी बहीण-भाऊ सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र जोडलं, चुलतभावाचीसुद्धा. त्याच्या सहीसाठी दोन वेळा जेवायला बोलवावं लागलं.

पोच घेतली आहे. शिक्का उमटला नव्हता, परत मारून घेतला.